वधूवरांचे रक्त व भ्रूणाची परीक्षा



पत्रिकेतील नाडी आपण कसोशीने पाहतो. रक्ताची चौकशी करावयास मात्र लाजतो. विदर्भात सिकलसेलचा विकार पिढ्यान्‌पिढ्या आहे व आपला यवतमाळ जिल्हा त्यास अपवाद नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे. परंतु पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो.

अशा दांपत्यांस आता नवा मार्ग लाभला आहे. स्त्रीबीज व शुक्रबीज यांचा संयोग प्रयोगशाळेत घडवून, पाचव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणाच्या काही पेशी तपासतात व रोगमुक्त भ्रूण तेवढा गर्भाशयात ठेवतात. या रीतीने सिकलसेलमुक्त जुळी अपत्ये जन्मल्याचे न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९९९ साली प्रसिद्ध केले.

हे वरदानच होय. तथापि गर्भ राहीलच, असे वचन कोणी देत नाही. कधी एकही निरोगी भ्रूण हाती लागत नाही. खर्च लाखांच्या घरात. कपाशीच्या उत्पन्नावर तो पेलणारे आपल्यात किती? काही गृहस्थ आम्हांस हळूच विचारतात, "यात मुलगा निवडता येईल काय?" मुळीच नाही! १९९४ च्या कायद्यास २००३ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा आहे.

त्यापेक्षा विवाहापूर्वीची रक्तचाचणी किती सोपी! वधूवर सूचीत तिचा रकाना छापावा, असे काहींचे म्हणणे आहे. आम्हांस ते पटत नाही. त्याने वाहक कन्यांचीच स्थळे मोडतील. साखरपुड्यापूर्वी दोन्ही घरांनी एकमेकांस अहवाल दाखवावेत, एवढीच आमची सूचना आहे.