यंत्र घेण्यापूर्वी



या व्यासपीठावरून आपण तत्त्वज्ञान ऐकता, इतिहास ऐकता. त्या पंक्तीत एका छापखानेवाल्याने येऊन ‘यंत्र कसे विकत घ्यावे’ हे सांगावे, हे थोडे विचित्रच. पण दुकान, कारखाना, दवाखाना, पतपेढी यांपैकी कशाशी तरी आपणा बहुतेकांचा संबंध आहे, आणि कधी ना कधी विक्रेत्याचा माणूस रंगीत पत्रक घेऊन आपल्यापुढे बसतोच. अशा वेळी पोळलेल्याचा अनुभव उपयोगी पडतो. तेवढ्याच भांडवलावर आम्ही बोलावयास उभे आहोत.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडची कामे वेळेवर होईनात. गिऱ्हाइके रागावून जाऊ लागली. आम्ही निदान केले की, यंत्र जुने झाले. एका प्रदर्शनात वेगवान यंत्र पाहिले, घरचे दागिने तारण ठेवून आणि उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून ते घेतले, पेढेही वाटले. महिन्याभरात ध्यानात आले की, कामे पूर्वीइतकीच उशिरा जात आहेत. कारण ती छपाईत अडतच नव्हती. मुद्रितशोधनात आणि बांधणीत अडत होती. नव्या यंत्राने बांधणीच्या टेबलावरचा ढीग तेवढा उंच केला. पुढे हप्ते भागेनात, म्हणून बांधणीतला एक जुना कामगार आम्ही कमी केला. जेथे माणूस वाढवायचा, तेथूनच तो काढला! दागिने यथावकाश सुटले. तो माणूस मात्र परत आला नाही. विक्रेता खोटे बोलला नव्हता. यंत्र खरोखरच वेगवान होते. आम्हीच आमचे काम पाहिले नव्हते.

याच्या उलट एक गोष्ट इंग्लंडातली आहे. लायन्स नावाची कंपनी तेथे चहाची दुकाने चालवी, केक-पाव विकी. नफा पैशापैशाचा आणि हिशेबाच्या चिठ्ठ्या असंख्य. या मंडळींनी १९३०च्या सुमारासच आपल्या कचेरीत काम कसे चालते याचा अभ्यास करणारा वेगळा विभाग काढला होता. १९४७ मध्ये त्यांचे दोन अधिकारी अमेरिकेत गेले आणि गणकयंत्रांची माहिती घेऊन आले. तशी यंत्रे तेव्हा बाजारात मिळत नव्हती. कंपनीने केंब्रिज विद्यापीठाच्या यंत्राला ३,००० पौंडांची मदत केली. ते यंत्र १९४९ च्या मे महिन्यात चालू झाल्यावरच स्वतःचे यंत्र बांधावयास घेतले. त्याचे नाव ‘लिओ’. १९५१ च्या नोव्हेंबरात बेकरीच्या मालाचे मूल्य काढण्याचे काम त्याच्याकडे नियमित आले. एका नोकराच्या पगाराचा हिशेब करावयास कसलेल्या कारकुनाला ८ मिनिटे लागत; लिओ तो दीड सेकंदात करी. तरीही पगारपत्रके त्यांनी पहिल्याच दिवशी यंत्रावर सोपविली नाहीत. जुन्या पद्धतीच्या जोडीने चालवून, आकडे ताडून पाहून, मगच १९५४ मध्ये ती यंत्रावर गेली. बेकरीचा हिशेब एक आठवडा चुकला तर दुरुस्त होतो. पगार चुकला तर कुणाच्या तरी घरी चूल पेटत नाही.

आपण म्हणाल, ती कंपनी मोठी, आपली टपरी लहान. खरे आहे, पण काम आधी, यंत्र मागून, हा क्रम पाळावयास पैसा लागत नाही. एक आठवडा वही घेऊन बसावे आणि प्रत्येक काम कोठे किती वेळ पडून राहते ते लिहावे. आमच्या दागिन्यांचे व्याज त्या चार आण्यांच्या वहीने वाचविले असते.

मग किंमत पाहावी, आणि तीही पुरती. समजा, एक छपाईयंत्र १०,००० रुपयांना मिळते, पण त्याची शाई कागदामागे २ रुपये खाते. दुसरे २०,००० चे, पण कागदामागे ५० पैसेच. सुमारे ६,७०० कागदांनंतर महाग यंत्र स्वस्त पडू लागते. आपल्याकडे तेवढे कागद वर्षात निघतात की दहा वर्षांत, हे विक्रेत्याला कसे ठाऊक असणार?

दुरुस्तीला माणूस कोठून येतो, सुटा भाग किती दिवसांत मिळतो, हेही विचारावे. आणि ते विक्रेत्याला नव्हे, तर तेच यंत्र तीन वर्षे वापरणाऱ्याला विचारावे. प्रात्यक्षिक त्यांच्या गुळगुळीत कागदावर न पाहता आपला नेहमीचा कागद घेऊन जावे. हिशेबाची संगणकप्रणाली घेताना तर एक प्रश्न विसरू नये: उद्या ही वार्षिक वर्गणी परवडली नाही, तर आमची खाती आम्हांला वाचता येतील अशा रूपात परत मिळतील ना? आत शिरण्याची वाट सगळेच दाखवितात. बाहेर पडण्याची आपण पाहून ठेवावी.

आणि शेवटी, ज्याच्या हातात ते यंत्र जायचे त्याला आधी विचारावे. आमच्या त्या बांधणीवाल्याला आम्ही विचारले असते, तर काम कोठे तुंबते हे त्याने उभ्या उभ्या सांगितले असते. तो वीस वर्षे त्याच ढिगापाशी बसत होता. आम्ही प्रदर्शनापर्यंत गेलो. त्याच्या टेबलापर्यंत गेलो नाही.