नाशिक ते खुलताबाद, सायकलवर



खुलताबाद म्हटलं की हल्ली टीव्हीवाल्यांना एकच कबर दिसते. त्याच गावात मलिक अंबरचाही मकबरा आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर वसवलं, नहर बांधून तिथं पाणी आणलं. डिसेंबरात आपण नऊ जण त्याची ठिकाणं जोडत सायकलनं जाणार आहोत. त्याच्या घोड्यांची वाट आज डांबराखाली गेली, पण गावं तीच आहेत.

संगमनेर, जुन्नर, नगर, संभाजीनगर, दौलताबाद, खुलताबाद आणि येवल्यावरून परत. साधारण सहाशे किलोमीटर, आठ दिवस. ताशी पंधराचा वेग धरा. चढाला, उन्हाला आणि पंक्चरला वेळ ठेवा. जुन्नर काही काळ निजामशाहीची राजधानी होती, तिथं घाई नको. नगरला मात्र एक अख्खा दिवस ठेवलाय, भातवडीसाठी. १६२४ मध्ये तिथं मलिक अंबरनं मुघल आणि आदिलशाही फौजांना एकदम हरवलं. त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. दोघा भावांची नावं नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, असं सांगतात. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या गावात पारावर बसून ऐकणं वेगळं.

आता अडचणीचं बोलू. तिघींच्या घरून अजून होकार नाही. अम्मी-अब्बांचा प्रश्न सायकलचा नाहीच, रात्री मुक्काम कुठं आणि रस्त्यात कुणी नावं विचारून अडवलं तर काय, हा आहे. प्रश्न खरा आहे, हसून उडवू नका. म्हणून प्रत्येक मुक्कामाचं घर आधी ठरेल, तिथल्या माणसाशी तुमच्या घरचे स्वतः फोनवर बोलतील. अंधार पडायच्या आत पोचायचंच. गाळपाच्या दिवसांत संगमनेरकडे उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा न लावताच धावतात. कुणी विचारलं तर थांबून पूर्ण नाव सांगायचं, कुठं चाललो तेही सांगायचं. वाद घालायचा नाही, नाव बदलायचं तर मुळीच नाही.

नमाजचं विचारलंत. मुसाफिराला कस्र आहे, चारच्या जागी दोन रकात. शेताच्या बांधावरही होते.

येत्या रविवारी फजरनंतर सिन्नरपर्यंत सराव आहे. सामान लादूनच या, मोहदरीच्या घाटात कळेल कुणी काय जास्त भरलंय.