एका घासासाठी पाच माणसे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, आणि वीसेक वर्षे रूळ, स्लीपर आणि खडी यांच्याच संगतीत गेली. अध्यक्षांनी बोलायला सांगितले तेव्हा म्हटले, "साहेब, मला पॉइंट आणि क्रॉसिंगशिवाय काही येत नाही." ते म्हणाले, "मुलीविषयी बोला." म्हणून आज दोन्हींविषयी बोलणार आहे.

आमची मोठी मुलगी तुम्हा सर्वांच्या परिचयाची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण मूल वाढते तसे प्रश्न बदलत जातात. ती तीन-चार वर्षांची असताना आमचा दिवस असा असे : सकाळी व्यायामवाले, दुपारी बोलायला शिकवणारे, आठवड्यातून दोनदा हातांचे व्यायाम करून घेणारे आणि महिन्यातून एकदा डॉक्टर. चार ठिकाणे, चार फायली. माणसे सगळी चांगली, मनापासून काम करणारी. पण एकाने दुसऱ्याची फाईल कधी उघडली नाही, आणि आम्हीही 'ही बघा' असे म्हटले नाही.

प्रत्येकजण घरी करायचे व्यायाम लिहून द्यायचा. एके रात्री मी कागद घेऊन बेरीज केली. पायांचे 60 मिनिटे, हातांचे 40, बोलण्याचे 45, तोंडाच्या स्नायूंचे 20 आणि शाळेचा अभ्यास 60. एकूण 225 मिनिटे, म्हणजे रोज पावणेचार तास! हे सगळे करायचे कोणी? तर सौ.ने. तिने त्यासाठी शाळेतली नोकरी सोडली. आणि मी? मी फी भरायचो, रिक्षा ठरवायचो आणि संध्याकाळी विचारायचो, "आज सगळे व्यायाम झाले का?" खात्याच्या साहेबासारखे. आज त्याची लाज वाटते.

एवढे करूनही मुलगी जेवताना ठसकायची. दोन वेळा न्यूमोनिया झाला. तोंडाचे व्यायाम वाढवले, तरी ठसका थांबेना.

आता थोडे रेल्वेचे. पॉइंट म्हणजे जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा. तिथले रूळ आमच्या पी-वेचे, मोटर सिग्नल खात्याची, वरची तार ओएचईवाल्यांची. पॉइंट फेल झाला की सिग्नलवाला म्हणतो, रूळ जड चालतो. आम्ही म्हणतो, मोटर दमली. मोटर कितीही बदला, खालचे स्लीपर ढिले असतील तर पॉइंट पुन्हा फेल होणारच. म्हणून आपल्याकडे जॉईंट इन्स्पेक्शनचा नियम आहे. दोन्ही खात्यांच्या सुपरवायझरांनी एकाच वेळी, एकाच पॉइंटपाशी उभे राहायचे आणि एकाच रजिस्टरवर सह्या करायच्या. गाडी घसरल्यावर जॉईंट नोट लिहीत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

माझ्या मुलीचे जॉईंट इन्स्पेक्शन मात्र कोणी केले नव्हते.

ते पहिल्यांदा झाले मुंबईत. माझ्या भावाने एका केंद्राची वेळ घेतली होती. तिथे एका खोलीत पाचजण होते. एक जण मुलीशी खेळत होता, बाकीचे बघत होते. प्रत्येकाने वेगळे तपासणे नाही, वेगळी फाईल नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न सौ.ला विचारला, "आई, तुम्हाला आधी काय हवे आहे?" मला वाटले, ती म्हणेल, हिने चालावे. ती म्हणाली, "माझ्याशिवाय हिला जेवता यावे. उद्या मी नसले तर?"

खोलीत कोणी काही बोलले नाही. मग तो एक घास पाचही जणांचे काम झाला. व्यायामवाल्या म्हणाल्या, पाय लोंबकळतात, म्हणून कंबर घसरते आणि मान मागे जाते. बोलणे शिकवणाऱ्या म्हणाल्या, मान मागे गेली की घास श्वासनलिकेकडे जायची भीती, ठसका त्याचाच. हातांचे काम बघणाऱ्यांनी चमच्याची मूठ जाड करायला सांगितली. शिक्षिका म्हणाल्या, शाळेच्या डब्याच्या वेळीही अशीच बैठक हवी. म्हणजे खालचे स्लीपर ढिले होते, आणि आम्ही मोटर बदलत बसलो होतो! इथल्या सुताराकडून पाय टेकायला पाट असलेली खुर्ची करून घेतली, चमच्याला सायकलच्या हँडलचे रबर बसवले. पावणेचार तासांचे व्यायाम जेवण, आंघोळ आणि खेळ यांच्यातच सामावले. ठसका एका दिवसात गेला नाही, पण कमी होत गेला.

हे आपोआप होत नाही. कॉलेजात प्रत्येकजण आपलाच विषय शिकतो. दुसऱ्याच्या विषयात कुठे थांबायचे आणि कुठे हात द्यायचा, हे कोणी शिकवत नाही. ते वेगळे शिकवावे लागते. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी 2001 मध्ये 'उम्मीद' हे बालविकास केंद्र सुरू केले. तिथे मुलांवर उपचार होतात, तसेच डॉक्टर, थेरपिस्ट, शिक्षक आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षणही दिले जाते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही दिव्यांगत्वाकडे बघण्याची नवी पद्धत मान्य केली : शरीरात काय बिघडले एवढेच न बघता, माणूस रोजच्या जगण्यात काय करू शकतो आणि भोवतालचे काय आड येते, तेही बघायचे.

सरकारी बाजूही रिकामी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या पालघरहून सुरू झाला. त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. इथे छत्तीसगडात गाडीतून फिरणाऱ्या त्या पथकांना 'चिरायु' म्हणतात. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्राची योजना आहे. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचातज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक एका छपराखाली असावेत, अशी कल्पना आहे. राजनांदगावला दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचे विभागीय केंद्र आहे. आणि 2002 पासून गावोगाव, पारोपारी काम करणाऱ्या आपल्या मितानिन आहेतच. पण एका छपराखाली बसणे म्हणजे एकत्र काम करणे नव्हे. आपल्या ऑफिसातही सगळी खाती एकाच इमारतीत असतात, हे मी तुम्हाला काय सांगू!

मध्यंतरी इथल्याच एका प्रशिक्षणात आम्हा उभयतांना पालक म्हणून बोलावले होते. शिकायला आलेल्यांनी आमच्या मुलीसाठी आपापले कार्यक्रम लिहून काढले. मी फळ्यावर मिनिटांची बेरीज केली. वर्गात हशा झाला, मग सगळे गप्प झाले. जेवणाच्या सुट्टीत एक तरुण फिजिओथेरपिस्ट सौ.ला म्हणाला, "आंटी, मैंने कभी पूछा ही नहीं था कि माँ के पास टाइम कितना है." सौ. त्याला म्हणाली, "बेटा, आमच्या ह्यांनीही कधी विचारले नव्हते." मी मान खाली घातली.

त्या दिवशी मला पटलेल्या चार गोष्टी सांगतो. एक, शिकताना सगळ्यांनी एकाच मुलाभोवती एकत्र बसून शिकावे. दोन, पहिला प्रश्न घरच्यांना विचारावा. तीन, वही एकच असावी आणि ती मुलाच्या घरी राहावी. चार, घरच्यांशी बोलणारा माणूस एकच ठरवावा. बाकीच्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे.

आता मंडळाला विनंती. आपल्यात डॉक्टर आहेत, शिक्षिका आहेत, फिजिओथेरपी शिकणारी मुले-मुली आहेत. आपला हॉल बहुतेक रविवारी रिकामा असतो. महिन्यातला एक रविवार द्या. एक मूल, त्याचे घरचे आणि त्याला बघणारे सगळे एका टेबलाशी बसू देत. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, कोणाचेही मूल असो. चहा आमच्याकडून. पहिली वही आमच्या मुलीची.

काल आरतीनंतर तिने आपल्या हाताने मोदक खाल्ला. निम्मा फ्रॉकवर सांडला. सौ. चार खुर्च्या सोडून बसली होती आणि शेजारणीशी गप्पा मारत होती. इतक्या वर्षांत मी तिला मुलीकडे पाठ करून बसलेले पहिल्यांदाच पाहिले.

बोलण्यात चूकभूल झाली असल्यास क्षमा असावी. गणपती बाप्पा मोरया!