घडीचं दार निवडताना



जुनं घर दुरुस्तीला काढलं की छत आणि गिलावा यांवर महिनाभर चर्चा होते, आणि दारं मात्र एका दुपारी ठरतात. आमच्याकडेही तसंच झालं.

आमच्या वाड्यात सोप्यातून माजघरात जायला आठ फुटांची चौकट आहे. जुन्या झडपा वाळवीनं पोखरल्या होत्या. वैशाखात आम्ही चार झडपांचं, घडी होणारं नवं सागवानी दार बसवलं. दिसायला देखणं, फट म्हणून कुठं नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. भाद्रपदात तीन दिवस झड लागली आणि एका रात्री माजघरात झोपलेल्या सासूबाईंना दार उघडेना. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं. आतून हाका मारत होत्या, पण पावसात आम्हाला ऐकूच आलं नाही. पहाटे पहारीनं दार उघडलं. त्यानंतर त्यांनी ते दार कुणाला लोटू दिलं नाही. पडदा लावून झोपायच्या.

लाकूड चांगलं होतं, घाई आमची होती. पावसाळी हवेत लाकूड ओलावा घेऊन फुगतं. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. एका झडपेचं वाढणं जाणवत नाही, पण चार झडपांचं मिळून दार आवळून बसतं. म्हणून उन्हाळ्यात दार बसवताना झडपांमध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायला सांगा. फट दिसू नये म्हणून वरून पट्टी मारता येते. झडपेतलं मधलं पॅनेल खाचेत मोकळं राहू द्या, चिकटवून जखडू नका. आणि तेल किंवा पॉलिश लावताना झडपेची वरची आणि खालची कडसुद्धा रंगवून घ्या. ती कुणाला दिसत नाही म्हणून राहून जाते आणि ओल तिथूनच शिरते.

आता लाकूड. आपल्याकडं बाभूळ मुबलक. गाडीला, औजारांना ती उत्तम, पण जड आणि पीळ खाणारी. घडीच्या दाराला सागवानच बरं, कारण ते कमी फुगतं. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून सागवान गेलं. मात्र वखारीत नुसतं ‘सागवान’ म्हटलं म्हणून भुलू नका. गाभ्याचं लाकूड सोनेरी-तपकिरी असतं, बाहेरचं फिकट. वाळवी आधी त्या फिकट भागालाच लागते. फळी उलटीसुलटी करून बघा, आणि लाकूड नीट वाळलेलं आहे का ते विचारा.

तिसरी गोष्ट वजनाची. दोन फूट रुंद, सात फूट उंच, दीड इंच जाड अशी भरीव सागवानी झडप तीसेक किलो भरते. घडीच्या दारात एका बाजूच्या दोन्ही झडपा चौकटीच्या एकाच उभ्या लाकडावर लटकतात, म्हणजे साठ किलो. चौकट भिंतीत हलत असेल, तर आधी ती पक्की करा. प्रत्येक झडपेला निदान तीन जाड बिजागऱ्या हव्यात. बाजूच्या झडपांना वर-खाली बोल्ट लावून रोज फक्त मधल्या दोनच उघडा. लग्नकार्याला, हळदीकुंकवाला सगळं दार घडी करा.

वर रूळ बसवून त्यावर झडपा लटकवायच्या असतील, तर आधी वरच्या तुळईखाली दोरी ताणून बघा. जुनी तुळई मध्ये खाली आलेली असली, तर झडपा अडणार. खालच्या रुळात धूळ बसते आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय अडखळतो.

जुनी दारं धड असतील तर भंगारात देऊ नका. कुजलेला तळ कापून तिथं नवा तुकडा जोडता येतो. पण जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरच्या रंगातल्या शिशावर कडक मर्यादा 2017 पासून आली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. ओलं करून खरवडा, आणि लेकरांना, गरोदर बाईला तिथून लांब ठेवा.

आमचं दार पुढच्या उन्हाळ्यात उतरवून, रंधा मारून पुन्हा बसवलं. बाहेरूनही उघडेल अशी कडी घातली. येत्या भाद्रपदात झड लागली, की मी आधी सासूबाईंना सांगणार आहे, “आत्या, जरा दार लावून बघा.” त्यांनी स्वतःच्या हातानं ते लावलं आणि उघडलं, की मगच दुरुस्ती पुरी झाली असं मी म्हणेन.

तुम्हीही मिस्त्रींचा हिशेब चुकता करण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दार उघडून बघायला सांगा.