ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी



उन्हाळी नांगरट ऐन भरात आलेली असते आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर चालता चालता गिअर सोडू लागतो, किंवा पोटातून घरघर ऐकू येते. रोहिणी जवळ आलेल्या असतात, आणि बँकेचा हप्ता काही आपल्यासाठी थांबत नाही. मग जो मिस्त्री "आज संध्याकाळी खोलतो" म्हणेल त्याच्या दारात आपण ट्रॅक्टर नेऊन उभा करतो. इंजिनाचे काम करणारे मिस्त्री पुष्कळ भेटतात. गिअरबॉक्स नीट बसविणारे त्या मानाने थोडे. आणि एकदा कच्च्या हाताने तो खोलला गेला, तर दुसऱ्याकडून सुधारून घेताना पहिल्यापेक्षा जास्त पैसे जातात, शिवाय पेरणीचे दिवस जातात ते वेगळेच. म्हणून मिस्त्री कसा पारखावा, याबद्दल आज बोलायचं आहे. मी ट्रॅक्टर धरून सांगतो. टेम्पो किंवा ट्रक बाळगणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिली गोष्ट, दुखणं नक्की गिअरबॉक्सचंच आहे का? आपल्याकडे म्हण आहेच, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि पायाने दाबला की थांबतो, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर घ्यावा. याच्या उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर बहुधा क्लचचे रिलीज बेअरिंग गेलेले असते. गिअर टाकताना खरखर होते, पण एकदा पडल्यावर ट्रॅक्टर मुकाट चालतो, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. पुष्कळदा पेडलची ढील जुळवून घेतली की भागतं. इंजिन फिरतं पण नांगर ओढला जात नाही, तेव्हा क्लच प्लेट पाहावी. एकाच गिअरमध्ये आवाज असला, तर त्या गिअरचे दाते. आणि गिअर सुटत असेल, तर कधी कधी वरच्या झाकणाखालची स्प्रिंग कमजोर झालेली असते किंवा फोर्क झिजलेला असतो. त्यासाठी अख्खा ट्रॅक्टर दोन भागांत सोडविण्याची गरज नसते.

हे सारं तुम्ही स्वतः दुरुस्त करावं म्हणून सांगत नाही. मिस्त्रीकडे गेल्यावर लक्षण काय, कधी, कोणत्या गिअरमध्ये, ओझ्यावर की रिकामं, हे नीट सांगता यावं म्हणून. इथंच पहिली पारख होते. चांगला मिस्त्री उलट प्रश्न विचारतो, ट्रॅक्टर चालवून पाहतो, तेलाचा बोल्ट सैल करून थोडं तेल बोटावर घेतो. तेल दुधासारखं पांढरं झालं असेल, तर आत पाणी गेलेलं आहे. भाताच्या चिखलणीत राबणाऱ्या ट्रॅक्टरांना हे फार होतं. तेलात लोखंडाचे चकाकणारे तुकडे दिसले, तर आतले दाते किंवा बेअरिंग फुटत आहे. जो मिस्त्री ट्रॅक्टरला हातही न लावता "गिअरबॉक्स गेला, सगळं बदलावं लागेल" म्हणतो, त्याच्याकडून किल्ली परत घेऊन घरी यावं.

चांगल्या मिस्त्रीचा पत्ता कुठं लागतो? गेल्या आठवड्यात काम करून घेतलेल्याला विचारू नका. नवं काम सगळ्यांनाच गोड वाटतं. दोन हंगामांपूर्वी ज्यानं गिअरबॉक्स करून घेतला त्याला विचारा. कारखान्याला ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले या बाबतीत फार जाणकार, कारण भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना कच्चं काम फार दिवस टिकत नाही. तालुक्याच्या गावी लेथ मशीनवाला असतो, त्यालाही विचारावं. कोणाच्या हातचे शाफ्ट पुन्हा पुन्हा येतात हे त्याला ठाऊक असतं. सुट्या भागांच्या दुकानदाराचा सल्ला मात्र जरा जपून घ्यावा. काही ठिकाणी मिस्त्री आणि दुकानदार यांचं कमिशनचं नातं असतं.

मग एकदा वर्कशॉपवर जाऊन नुसतं उभं राहावं, ट्रॅक्टर न नेता. जमीन सपाट आणि पक्की आहे का? ट्रॅक्टर मधून सोडविताना पुढचं इंजिन एका बाजूला कलंडू नये म्हणून पुढच्या आसाजवळ लाकडी पाचर मारावी लागते आणि दोन्ही भागांखाली भक्कम स्टँड द्यावे लागतात. नुसत्या जॅकवर आणि विटांवर ट्रॅक्टर तोललेला दिसला तर तिथून निघावं; तिथं माणूस दगावू शकतो, ट्रॅक्टरचं पुढचं पुढं. काढलेले भाग ट्रेमध्ये ओळीनं ठेवले आहेत की लिंबाच्या झाडाखाली पोत्यावर धूळ खात पडले आहेत? उघड्या गिअरबॉक्सवर झाकण किंवा स्वच्छ फडकं आहे का? गिअरबॉक्सला धुळीसारखा वैरी नाही. एक प्रश्न जरूर विचारा : "क्राऊन आणि पिनियनमधला खेळ तुम्ही कसा मोजता?" डायल गेज दाखवून सांगणारा, किंवा दातांना रंग लावून ते कुठं टेकतात हे दाखविणारा माणूस जाणकार. "हातानं हलवून कळतं, तीस वर्षांचा अनुभव आहे" असं म्हणणाऱ्याचा अनुभव खोटा नसेलही, पण हातानं शिमची जाडी कळत नाही.

बैल घेताना आपण दात पाहतो ना? इथंही दात पाहायचे. बॉक्स खोलल्यावर, नवं सामान आणण्यापूर्वी मला बोलवा, असं आधीच ठरवून घ्या. कोणता गिअर झिजला, कोणता चांगला, हे मिस्त्रीनं डोळ्यांदेखत दाखवलं पाहिजे. मुलाच्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दाते तुटले तर त्यावर वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतात, ते ऐकू नका. दातांचा वरचा थर भट्टीत कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं तो कडकपणा जातो, आणि पुन्हा तुटलेला दात बाकीचे दातही घेऊन जातो. क्राऊन आणि पिनियन ही जोडी असते, एकच बदलून चालत नाही. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. जुन्याचा आणि नव्याचा ताडून पाहा. ६२०६ असेल तर शेवटच्या ०६ ला ५ ने गुणायचं, म्हणजे आतलं भोक ३० मिलिमीटरचं. ट्रॅक्टर सोडविलाच आहे तर ऑईल सील आणि रिलीज बेअरिंग नवं टाकून घ्यावं. सीलमधून तेल गळून क्लच प्लेट भिजली असेल आणि नुसती प्लेट बदलली, तर महिन्याभरात नवी प्लेटही भिजणार.

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला जावं की गावच्या मिस्त्रीकडे? ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर अधिकृत वर्कशॉपशिवाय दुसरीकडे हात लावू देऊ नये. वॉरंटी संपल्यावर मात्र पाटी पाहून जाऊ नका. तिथंही काम शेवटी एक माणूसच करतो. तो कोण, किती दिवस तिथं आहे, हे विचारावं. माझं मत विचाराल तर, आय.टी.आय.चा ट्रॅक्टर किंवा डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलेला, आणि जुन्या उस्तादाच्या हाताखाली दोन-चार वर्षं घासलेला माणूस मिळाला तर तो सोडू नये.

आता कागदाचं. ओळखीत कागद कशाला, असं आपण म्हणतो, आणि ओळख तिथंच बिघडते. इंजिन आणि चासी नंबर, मीटरवरचे तास, काय दुरुस्त करायचं, मजुरी किती, सामान कोण आणणार, किती दिवसांत आणि हमी किती महिन्यांची, एवढं एका कागदावर दोघांच्या सह्यांनी असावं. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. जुने भाग परत मागावेत. सामानाचं पक्कं बिल घ्यावं. कच्ची चिठ्ठी पुढं कुठंच चालत नाही. काम बिघडलं आणि समोरचा दाद देईना, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्याखाली तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, तिथं आधी विचारून घ्यावं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः ट्रॅक्टर चालविणारा शेतकरी या कायद्यात ग्राहक समजला जातो.

ट्रॅक्टर ताब्यात घेताना तेल तुमच्यासमोर भरून घ्या. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं. कोणतं तेल आणि किती लिटर, ते कंपनीच्या पुस्तकात पाहावं. मिस्त्रीला शेजारी बसवून सगळे गिअर, रिव्हर्स आणि पी.टी.ओ. चालवून पाहा. अर्ध्या तासानं उतरून सांध्यांखाली हात फिरवा, तेल लागतं का बघा. पहिले काही दिवस हलकी कामं द्या, एकदम पलटी नांगर लावू नका. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांनी असते, तसंच इथंही ५० तासांनी एकदा दाखवून न्यावा आणि तेल तपासून घ्यावं. थोडी बारीक भुकटी दिसली तर घाबरू नका, तुकडे दिसले तर त्याच दिवशी कागद घेऊन मिस्त्रीकडे जा.

आणि ही शोधाशोध ट्रॅक्टर बंद पडल्यावर करू नका. खरीप पेरणी उरकल्यावर थोडी उसंत असते, तेव्हा तालुक्याला बाजाराला गेलात की दोन-तीन वर्कशॉप बघून ठेवा.