कोपऱ्यातलं अक्षर



संगणकावर रोज मराठी लिहिणारे काही जण आता स्वतःचा कीबोर्ड लेआउट तयार करतात. ‘दऱ्या’मधला ऱ्या किंवा ‘ॲ’ दर वेळी शोधत बसण्यापेक्षा तो आपल्या बोटांना सोयीच्या कळीवर बसवलेला बरा. मॅकसाठी युकेलेली आणि विंडोजवर चालणारं कीमॅन डेव्हलपर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. पण कळा बसवून झाल्या, की चिन्हाचं, म्हणजे आयकॉनचं, राहून जातं.

ते राहू देऊ नका. कोणता लेआउट चालू आहे, हे पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या इवल्याशा चौकोनावरून कळतं. हिंदी लेआउट आणि आपला लेआउट, दोन्हींवरही ‘अ’च असला, तर ओळभर टाइप झाल्यावर घोळ लक्षात येतो. माझं मत विचाराल, तर ‘ळ’ घ्या. हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत तो नाही, त्यामुळे शेजारी हिंदी असली तरी नजर फसत नाही.

‘ळ’ काढायला मात्र सबुरी लागते. कीमॅनचं छोटं चिन्ह 16 बाय 16 ठिपक्यांचं, म्हणजे सगळे मिळून 256 ठिपके. मोठा, देखणा ‘ळ’ काढून तो लहान केला, की दोन्ही गोल बुजतात आणि शिरोरेषा पुसट होते. म्हणून त्याच आकारात एकेक ठिपका भरा. शिरोरेषेला दोन ओळी पुरतात. गोलांच्या पोटात दोन-दोन ठिपके मोकळे सोडा. नुसतं काळं अक्षर गडद पट्टीवर दिसेनासं होतं. निळ्या चौकोनावरचं पांढरं अक्षर कुठेही उठून दिसतं.

कीमॅनमध्ये हे चित्र लेआउटच्या तपशिलात जोडता येतं. मॅकला आयसीएनएस प्रकारची फाइल लागते. ती लायब्ररीतल्या ‘कीबोर्ड लेआउट्स’ फोल्डरमध्ये, लेआउटच्या फाइलशेजारी ठेवायची, आणि दोन्हींची नावं तंतोतंत जुळली पाहिजेत. नावात एक मोकळी जागा जास्त पडली तरी चिन्ह उमटत नाही, आणि आपण उगाच चित्रात दोष शोधत बसतो. नावं तपासा, मग लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करा.

चिन्ह दिसू लागलं, की घरातल्या कुणाला तरी हातभर अंतरावरून ते वाचायला सांगा. ‘ळ’ म्हणाले तर काम झालं. इंग्रजी आठ आडवा पडल्यासारखा वाटतो म्हणाले, तर शिरोरेषा आणखी ठळक करा.