शाळेची अब्रू आणि लेकराचे संरक्षण

(धर्माबाद येथे कार्यकर्ते व पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



धर्माबादहून गोदावरीच्या काठाकाठाने थोडे पुढे गेले, राज्याची सीमा ओलांडली, की बासरचे सरस्वतीचे मंदिर लागते. आपल्या भागातील कितीतरी आईबाप लेकराला मांडीवर घेऊन तेथे जातात, पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतात आणि मग त्याला शाळेत घालतात. मिरचीच्या आडतीवर दिवसभर पोती वाहणारा हमाल असो की दुसऱ्याच्या रानात खुरपणारी मजूर बाई असो, आपले मूल ते ज्या विश्वासाने शाळेच्या स्वाधीन करतात तो विश्वास फार मोठा आहे. बँकेत ठेव ठेवताना माणूस पावती मागतो. मूल शाळेत ठेवताना तो काहीच मागत नाही. आज मला या विश्वासाविषयी बोलायचे आहे.

ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये काय घडले ते आपण विसरला नसाल. एका खाजगी शाळेच्या शिशुवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार झाला. आरोपी होता त्याच महिन्यात कंत्राटी पद्धतीने नेमलेला सफाई कामगार. पालकांना कळले ते मुलींच्या दुखण्यावरून. तक्रार नोंदविण्यासाठी त्यांना पोलीस ठाण्यात अनेक तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले, तेव्हा कोठे शासन खडबडून जागे झाले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेचे विश्वस्त आणि मुख्याध्यापिका यांच्यावर घटना पोलिसांना न कळविल्याचा गुन्हा नोंदला गेला.

या प्रकरणातील क्रौर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अस्वस्थ करते ती मधल्या दिवसांतील शांतता. शाळेत वर्ग भरत होते, घंटा वाजत होती, हजेरी लागत होती. ज्यांनी धावत जाऊन पोलिसांना सांगायला हवे होते ते आपल्या संस्थेचा विचार करीत होते. हे केवळ बदलापूरचे दूषण आहे असे समजून आपण सुटका करून घेऊ नये.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. शिक्षणसंस्थेचे भांडवल इमारत वा जमीन एवढेच नसते. तिचे खरे भांडवल म्हणजे तिची अब्रू. अब्रूवर प्रवेश मिळतात, प्रवेशावर तुकड्या टिकतात, तुकड्यांवर अनुदान आणि नोकऱ्या टिकतात. म्हणून एखादे लेकरू तक्रार करते तेव्हा संस्थाचालकाच्या मनात नकळत एक हिशेब सुरू होतो. तक्रार बाहेर गेली तर नुकसान किती, हे त्याला लगेच दिसते. लेकराचे नुकसान मात्र कोणत्याच खतावणीत लिहिलेले नसते. दुष्ट माणसेच असा हिशेब करतात असे नाही. सज्जन माणसेही करतात.

हे मी परक्याविषयी बोलत नाही. कायदा होण्यापूर्वीची, बऱ्याच वर्षांमागची गोष्ट आहे. मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर होतो. संस्थेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. एका कर्मचाऱ्याविषयी एका मुलीच्या आईने तक्रार आणली. बैठक झाली. आम्ही सारे सुशिक्षित होतो आणि आमच्यात पुरोगामी म्हणवून घेणारेही होते. "मुलीचेच नाव खराब होईल", "सामंजस्याने मिटवू", अशी भाषा झाली. त्या माणसाचा राजीनामा घेतला आणि त्याला अनुभवाचा चांगला दाखला देऊन वाटेला लावले. ठरावाखाली माझीही सही आहे. काही महिन्यांनी तो दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या शाळेत रुजू झाल्याचे मला कळले. तेथील लेकरांना आम्ही काय दिले होते? आमच्या शाळेची अब्रू आम्ही राखली आणि तिची किंमत दुसऱ्याच्या मुलांवर लादली. त्या मुलीची शाळा त्याच वर्षी सुटली. ती आई पुन्हा कधी माझ्याशी बोलली नाही, आणि तिच्याकडे जाण्याचे धैर्य मलाही झाले नाही.

आज असा ठराव करणे हा गुन्हा आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण 'पोक्सो' म्हणतो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. त्याचे एकोणिसावे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ केले पाहिजे. असा अपराध घडल्याचे ज्याला माहीत आहे, किंवा घडण्याची शक्यता ज्याला वाटते, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला तर एक वर्षापर्यंत. आधी आपण चौकशी करू, खरे-खोटे पाहू, मग ठरवू, हा अधिकार कायद्याने मुख्याध्यापकाला दिलेला नाही. तसेच सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, हेही शिक्षकांना सांगितले पाहिजे. मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी, स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा आहे, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचे नाव वा ओळख उघड करण्यास मनाई आहे. ही पथ्ये आपल्यालाही लागू आहेत. निषेधाच्या उत्साहात पीडित मुलाचे नाव वा गल्ली फलकावर लिहिणारा कार्यकर्ता त्या मुलावर दुसरा अन्याय करतो.

आता काही लोकांना वाटते की दारावर कॅमेरे बसविले की काम झाले. बदलापूरनंतर शासनाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी निर्णय काढून खाजगी शाळांना कॅमेरे बसविण्यासाठी एक महिन्याची मुदत दिली. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. परंतु बदलापूरच्या शाळेतही कॅमेरे होते, आणि पंधरा दिवसांचे चित्रण मिळत नाही असे तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनाच सांगावे लागले. यंत्राला डोळा असतो, कर्तव्यबुद्धी नसते. शिवाय धोका नेहमी दाराबाहेरून येत नाही. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास खात्याने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यात महाराष्ट्रही होता. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक त्रासाचा अनुभव सांगितला, आणि बहुतेकांनी तो आधी कोणालाही सांगितलेला नव्हता. त्यात मुलगेही मोठ्या संख्येने होते. त्रास देणाऱ्यांत ओळखीची आणि विश्वासाची माणसे पुष्कळ होती.

येथे आपल्या विचाराच्या लोकांनी दोन गोष्टी जपल्या पाहिजेत. पहिली ही की संशयाचे बोट केवळ गरिबाकडे वळू देऊ नये. सफाई कामगार आणि शिपाई यांची पडताळणी करायची, आणि अध्यक्षांचा पुतण्या वा शिकवणी घेणारे गुरुजी यांना मात्र मोकळे सोडायचे, ही सुरक्षा नव्हे. तो वर्गीय पूर्वग्रह झाला. पडताळणी सर्वांची झाली पाहिजे. त्याचबरोबर कंत्राटी पद्धतीचे खरे स्वरूपही ओळखले पाहिजे. माणूस शाळेत काम करतो, पगार ठेकेदार देतो, आणि जबाबदारी विचारली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. स्वस्त मजुरीबरोबर शाळेने आपले उत्तरदायित्वही ठेक्याने देऊन टाकलेले असते.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. बदलापूरचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांच्याच गोळीने मारला गेला. अनेकांनी पेढे वाटले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांवर त्या मृत्यूचा ठपका आला. मला त्या आरोपीचा कैवार घ्यायचा नाही. परंतु खटला चालला असता तर शाळेत काय घडले, कोणाला केव्हा कळले, कोण गप्प बसले, हे साक्षीपुराव्यानिशी त्याच्यासमोर उभे राहिले असते. एका गोळीने त्या प्रश्नांचा मोठा भाग मातीआड केला. लेकरांना न्याय हवा असतो तो सत्य बाहेर येण्यासाठी, जमावाचा संताप शमविण्यासाठी नव्हे.

आपल्या मराठवाड्यापुरते पाहिले तर हा प्रश्न आणखी खोल जातो. ऊसतोडीला, वीटभट्टीला, निजामाबाद-हैदराबादकडे मजुरीला आईबाप जातात, तेव्हा लेकरे आजीजवळ, नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहतात. त्यांची तक्रार ऐकायला घरी कोणी नसते. आणि शाळेची वाट धोक्याची वाटू लागली की बाप काय करतो? मुलीला घरी बसवितो, आणि घरी बसलेल्या मुलीचे लग्न लावून मोकळा होतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. त्यामागे दारिद्र्य आहे, हुंडा आहे, परंतु मुलीच्या सुरक्षिततेची धास्तीही आहे. असुरक्षित शाळा ही बालविवाहाची पहिली पायरी ठरते.

मग करायचे काय? मोर्चा काढणे आपल्याला जमते. त्यानंतरचे कंटाळवाणे काम जमत नाही, आणि तेच खरे काम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. आपल्या गावच्या समितीची शेवटची खरी बैठक केव्हा झाली ते विचारा. सह्या घरोघरी जाऊन घेतल्या जात असतील तर ते थांबवा. याच कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली आहे, हेही पालकांना सांगा. छडीला गप्प बसून सोसायला शिकलेले मूल मोठ्यांच्या इतर अत्याचारांपुढेही गप्प बसायला शिकते. मार्च २०२२ च्या शासननिर्णयाने प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री' समिती असावयाची आहे. तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर आहेत का? तक्रारपेटी कोणाच्या समक्ष उघडली जाते? १०९८ हा क्रमांक मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लिहिला आहे का? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी आहे का? दोन शिक्षकी शाळेत एक जागा रिक्त असेल आणि दुसरे गुरुजी शासकीय कामाला गेले असतील, तर लेकरे कोणाच्या भरवशावर आहेत? यातला एकही प्रश्न क्रांतिकारक नाही. परंतु उत्तरे मिळेपर्यंत ते दर महिन्याला विचारले गेले तर शाळा बदलेल.

आणि शेवटी एक मागणे, आपल्याच माणसांकडे. गावात असे काही घडले की दोन्ही बाजू कार्यकर्त्याकडे येतात. "दादा, तुमच्या शब्दाला मान आहे, मिटवून टाका," असे सांगतात. जात आडवी येते, निवडणूक आडवी येते, कधी आरोपी आपल्याच पक्षाचा असतो. त्या वेळी मांडवली करायला बसू नका. त्या लेकराच्या आईबरोबर पोलीस ठाण्यात जा, तक्रार नोंदून तिची प्रत हातात मिळेपर्यंत तेथे बसून राहा, आणि पुढे तारखेतारखेला तिच्यासोबत उभे राहा. मी एकदा उलट वागलो. त्या ठरावाखालची सही मला आता पुसता येत नाही. आपल्यापैकी कोणावर तशी सही करण्याची वेळ आली तर ती करू नका, एवढेच सांगायला मी आज येथे आलो आहे.